लहान बेटाचा संघ



या व्यासपीठावर संतवाङ्मय, अर्थकारण, राज्यघटना असे भारदस्त विषय होत असतात. त्यांच्या पंगतीत आम्ही आज बॅडमिंटनचा विषय घेऊन बसलो आहोत, आणि तोही मॉरिशससारख्या चिमुकल्या देशाच्या संघाचा. तीस वर्षे गेटसभा घेणाऱ्या माणसाला रॅकेटीतले काय कळते, असे कोणी म्हणेल. आम्ही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. पण संघ म्हणजे काय, एवढा एक विषय आम्ही जन्मभर गिरवला आहे. तेवढ्या अधिकारावर बोलतो.

प्रथम नात्याची गोष्ट सांगू. बॅडमिंटन आपल्याला परके नाही. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीतले इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत, आणि 1870 नंतरच्या काही वर्षांत त्याचे पहिले नियमही तेथेच लिहिले गेले. तेव्हा त्याला ‘पूना’ असेच म्हणत. पुढे तो विलायतेत गेला आणि एका ड्यूकच्या वाड्याचे नाव त्याला चिकटले. मॉरिशसशीही आपले नाते आहे, पण ते साहेबांच्या खेळाचे नाही, घामाचे आहे. 2 नोव्हेंबर 1834 रोजी ‘ॲटलस’ नावाच्या जहाजातून गिरमिटिया मजूर तेथे उतरले. गुलामगिरी कायद्याने उठत होती आणि उसाच्या मळ्यांना हात हवे होते. पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसे हिंदुस्थानातून त्या बेटावर गेली. मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपली मराठी माणसेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे आहेत, आणि तेथल्या शाळांतून मराठी शिकवली जाते.

मादागास्करच्याही पूर्वेला, हिंदी महासागरात हे बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे दोन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या तालुक्याएवढे. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात. देश 12 मार्च 1968 रोजी स्वतंत्र झाला. तेथे मळ्यावर राबणारे होते, त्यांना उधारीवर तांदूळ देणारे चिनी दुकानदार होते, गुलामांचे वंशज होते आणि फ्रेंच मळेवाले होते. एवढ्या जातीधर्मांचे लोक एका बेटावर आहेत. त्यांना एकत्र आणणाऱ्या गोष्टी थोड्या. कामगार चळवळ ही एक आणि खेळ ही दुसरी.

या दोन गोष्टी तेथे एका नावात भेटतात. 27 सप्टेंबर 1943 रोजी बेल व्ह्यू हारेल येथे मळ्याच्या मजुरांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि चार जण मेले. त्यांत अंजलाय कूपन नावाची गरोदर बाई होती. आज त्याच परिसरात देशाचे एक मोठे क्रीडांगण उभे आहे आणि त्याला अंजलायचे नाव दिलेले आहे. मैदानांना धनिकांची आणि मंत्र्यांची नावे देण्याची रीत सगळीकडे आहे. मजूर बाईचे नाव मैदानाला देणारा देश आमच्या तरी पाहण्यात दुसरा नाही.

आता बॅडमिंटनकडे वळू. या खेळाचे राष्ट्रीय केंद्र रोझ हिल या गावी आहे. हा खेळ वरून स्वस्त दिसतो, पण तसा तो नाही. फुलाला सोळा पिसे असतात आणि त्याचे वजन साडेपाच ग्रॅमच्या आत असते. वाऱ्याची झुळूक आली तरी ते भरकटते, म्हणून बंदिस्त हॉल हवा. हवा उष्ण असली की ते लांब जाते, थंड असली की अलीकडे पडते, म्हणून हवेप्रमाणे फूल निवडावे लागते. चार तडाखे बसले की पिसे मोडतात आणि नवे फूल काढावे लागते. सरावाला फुले लागतात ती डब्यांनी. त्यात क्रमवारीचे गुण मिळवायचे तर देशोदेशींच्या स्पर्धा खेळाव्या लागतात, आणि मोठ्या स्पर्धा बहुतेक आशियात नाही तर युरोपात. बेटावरून कोठेही जायचे म्हणजे विमानाचे तिकीट आले. श्रीमंत देशाचा खेळाडू आजची स्पर्धा हरला तर पुढच्या आठवड्यात दुसरी खेळतो. लहान देशाच्या खेळाडूला पुढच्या तिकिटाचा हिशेब आधी मांडावा लागतो.

असे असूनही हे लोक मागे राहिले नाहीत. 1992 साली बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनला प्रथम पदकांचा मान मिळाला, आणि त्या पहिल्याच खेपेला मॉरिशसच्या वंदना सीसुरन आणि मार्तीन द सूझा तेथे हजर होत्या. पुढे 2008 आणि 2012 साली कॅरेन फू कुन खेळली. 2016 साली रिओमध्ये तिची धाकटी बहीण केट फू कुन हिने उद्‌घाटनाच्या संचलनात देशाचा ध्वज हाती धरला. पदक यांपैकी कोणालाही मिळाले नाही. सगळ्या खेळांत मिळून त्या देशाचे ऑलिंपिक पदक एकच, तेही 2008 साली मुष्टियुद्धात मिळालेले कांस्य. पण नावांकडे पाहा. एक हिंदी, एक युरोपी वळणाचे, एक चिनी. मळ्याची वाट, दुकानाची वाट आणि बंदराची वाट, सगळ्या एका जाळीशी येऊन मिळाल्या आहेत.

सांघिक सामन्याची रचना आम्हाला फार आवडते, ती थोडक्यात सांगतो. उबेर चषक ही स्त्रियांच्या संघांची जागतिक स्पर्धा. तीत एका लढतीत पाच सामने असतात, तीन एकेरी आणि दोन दुहेरी. पैकी तीन जिंकणारा संघ विजयी. तुमच्याकडे एक अव्वल खेळाडू असली तर तिची एकेरी तुमची. फार तर तिला दुहेरीतही उतरवता येईल. दोन झाले. तिसरा सामना दुसऱ्या कोणीतरी जिंकावाच लागतो. जिचे नाव वर्तमानपत्रात येत नाही, जी तिसऱ्या क्रमांकावर एकेरी खेळते, तिचा एक सामना आणि पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूचा एक सामना यांचे मोल तंतोतंत सारखे. आमच्या युनियनमध्ये सरचिटणिसाचे मत एक आणि झाडूवाल्याचेही मत एकच, तसेच हे आहे. मॉरिशसच्या मुलींनी 2016 साली घरच्या मैदानावर, रोझ हिलला, आणि पुन्हा 2018 साली अल्जीरियात आफ्रिकेचे सांघिक अजिंक्यपद मिळवले. त्या बळावर त्या दोन्ही वर्षी उबेर चषकाला गेल्या. तेथे त्यांना गटाच्या पुढे जाता आले नाही. पण नायजेरिया, इजिप्त यांच्यासारखे प्रचंड देश ज्या खंडात आहेत, तेथे साडेबारा लाखांचे बेट पहिले येते. ही एका तारकेची करामत नव्हे, तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूचीही आहे.

येथवर गोड झाले. आता कडू सांगतो, कारण ते सांगण्यासाठीच आम्ही हा विषय घेतला.

2019 साली आफ्रिकी स्पर्धेच्या वेळी केट फू कुन हिच्या तपासणीत निषिद्ध द्रव्य आढळले. जागतिक महासंघाच्याच सुनावणी मंडळाने तिचा दोष नाही असा निर्णय दिला. त्यावर महासंघाने स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादाकडे अपील केले. 2020 च्या अखेरीस लवादाने तो निर्णय फिरवला आणि तिच्यावर दोन वर्षांची बंदी आली. टोकियोचे ऑलिंपिक हातचे गेले.

लवादाच्या निकालावर निकाल देण्यास आम्ही बसलेलो नाही. उत्तेजक द्रव्यांना आळा हवाच, नाहीतर प्रामाणिक खेळाडूचे पोट मारले जाईल. आमचे म्हणणे पद्धतीविषयी आहे. या नियमात द्रव्य अंगात सापडले की गुन्हा शाबीत. ते कसे गेले, कोणामुळे गेले, हे दाखवण्याचा भार खेळाडूवर. गिरणीच्या दारावर झडतीत कामगाराच्या डब्यात बॉबिन सापडली, तर ती तेथे कोणी ठेवली हे त्यानेच सिद्ध करावे, तसे हे झाले. फरक एवढाच की कामगाराच्या खातेचौकशीत त्याच्या शेजारी युनियनचा माणूस बसू शकतो. तो हक्क आम्ही भांडून मिळवला. खेळाडूच्या शेजारी कोण बसते? लहान देशाची, लहान तिजोरीची संघटना वकिलांची फौज कोठून आणणार?

कोणी म्हणेल, महासंघात खेळाडूंनी निवडलेली खेळाडू समिती आहे की. आहे, आणि ती असणे चांगलेच. पण कारखान्यात वर्क्स कमिटी असते आणि युनियनही असते. कमिटी पंख्याबद्दल आणि पिण्याच्या पाण्याबद्दल बोलते. कामगाराची नोकरी जाते तेव्हा उभी राहते ती युनियन. फुटबॉलच्या खेळाडूंनी अशी जागतिक संघटना बांधली आहे. बॅडमिंटनच्या खेळाडूंनीही ती बांधली पाहिजे, आणि तीत पहिली जागा लहान देशांच्या खेळाडूंना हवी. मोठ्या देशाच्या खेळाडूमागे मोठे सरकार असते, मोठ्या कंपन्या असतात. बेटावरच्या खेळाडूमागे बेट असते.

जिंकताना पाच सामन्यांचा हिशेब होतो, सगळ्यांची बेरीज होते. आरोप आला की मात्र नाव एकटीचे, भार एकटीचा, वाया गेलेली वर्षे एकटीची. हे आम्हाला खटकते. ज्या खेळाने तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूलाही सारखे मोल दिले, त्या खेळाने चौकशीच्या खोलीतही संघ ओळखावा.

आपल्या गावात जिमखाना आहे, हॉल आहे, संध्याकाळी मुले-मुली खेळतात. त्यांतली एखादी उद्या जिल्ह्याबाहेर जाईल, देशाबाहेर जाईल. हार घालायला आपण सगळे स्टेशनवर जाऊच. पण तिच्यावर बाका प्रसंग आला तर तिच्या शेजारी कोण बसेल, हे जिमखान्याच्या पुढल्या सभेत विचारून ठरवा, आणि ठरावाच्या वहीत लिहून ठेवा. मागणी कागदावर आली की तिला बळ येते, एवढे आमच्या धंद्यात आम्ही शिकलो आहोत.