जगात जर्मनी, भारतात परभणी: संरक्षणाचा तह नेमका कुणाला वाचवतो?

इयरफोन नीट लावा, कारण आजचा भाग जरा लांबचा प्रवास आहे. मोबाईलवरच्या गेमपासून निघायचं, पाथरीला थांबा घ्यायचा, हिंगोलीच्या छावणीला चक्कर मारायची आणि परत गेममध्ये यायचं.

विषय आहे नेशन सिम्युलेशन गेम. ज्यांनी खेळलेलं नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगतो. यात बंदूक घेऊन पळायचं नसतं. तुम्हाला एक देश मिळतो. त्याचं नाव, झेंडा, चलन सगळं तुम्ही ठरवायचं. आता परभणीच्या पोरानं असा देश काढला तर त्याचं ब्रीदवाक्य काय असणार, हे सांगायला नको. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी!’

हा प्रकार तसा जुना आहे. २००२ साली मॅक्स बॅरी नावाच्या ऑस्ट्रेलियन लेखकानं आपल्या कादंबरीच्या प्रसिद्धीसाठी ‘नेशनस्टेट्स’ सुरू केला. २००६ मध्ये ‘सायबर नेशन्स’ आला, २०१४ मध्ये ‘पॉलिटिक्स अँड वॉर’. ग्राफिक्स जवळजवळ नाहीच, नुसते आकडे आणि तक्ते. तरी लोक वर्षानुवर्षं खेळतात. का? कारण खरा गेम आकड्यांचा नाहीच, तो माणसांचा आहे. कोण कुणाच्या बाजूनं, कुणी कुणाला शब्द दिला आणि कुणी तो फिरवला.

इन्स्टावर तुमच्याकडून सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा: ‘आमची अलायन्स दहा-बारा जणांची. रोज कुणीतरी येऊन लुटून जातं. एक मोठी अलायन्स म्हणते, आमच्या संरक्षणाखाली या. तह करायचा का?’

आज या एकाच प्रश्नावर बोलू.

आधी नियम समजून घ्या

या गेममध्ये तहाचे बरेच प्रकार असतात. ‘एमडीपी’ म्हणजे म्युच्युअल डिफेन्स पॅक्ट. तुमच्यावर हल्ला झाला की आम्ही येणार, आमच्यावर झाला की तुम्ही यायचं. ‘ओडीपी’मध्ये यायचं की नाही हे ऐच्छिक. ‘एनएपी’ म्हणजे एकमेकांवर हल्ला करायचा नाही, एवढंच. आणि ‘प्रोटेक्टोरेट’ म्हणजे लहान अलायन्सनं मोठीच्या छत्राखाली जायचं. आपल्या भाषेत मांडलिक.

यात एक गंमत आहे, ती लक्षात ठेवा. गेमचा सर्व्हर युद्ध मोजतो, सैनिक मोजतो, लूट मोजतो. पण शब्द पाळायला तो कुणालाच भाग पाडत नाही. तह मोडला म्हणून कुणाचं अकाउंट बंद होत नाही. मग तह टिकतो कशावर? दोनच गोष्टींवर. एक, मोडणाऱ्याची बाजारात पत जाते. दोन, तह पाळण्यात मोठ्याचा स्वतःचा फायदा असतो. तो फायदा संपला की कागद उरतो, संरक्षण उरत नाही.

हे काही गेमवाल्यांनी शोधलेलं नाही. आपल्याच जिल्ह्यात हा खेळ पाचशे वर्षांपूर्वी होऊन गेलाय.

पाथरीचा सामना

पाथरी म्हटलं की आज साईबाबांच्या जन्मस्थानाची चर्चा आठवते. पण सोळाव्या शतकात याच पाथरीवरून दोन राज्यं भिडली होती.

मॅप डोळ्यासमोर आणा. बहमनी राज्य फुटलं आणि दख्खनमध्ये पाच सत्ता तयार झाल्या. अहमदनगरची निजामशाही, विजापूरची आदिलशाही, गोवळकोंड्याची कुतुबशाही, बिदरची बरीदशाही आणि वऱ्हाडची इमादशाही. पाच अलायन्स, एक सर्व्हर. रोज नवी युती, रोज नवा दगा. पाथरी होती वऱ्हाडच्या इमादशाहीकडे, अगदी निजामशाहीच्या सीमेला लागून.

आता निजामशाहीच्या घराण्याचं मूळ या पाथरीतलं. पूर्वज इथले कुलकर्णी, असं इतिहासकार फिरिश्ता सांगतो. त्यामुळे बुरहाण निजामशाहाच्या दरबारातून मागणी गेली की आमच्या पूर्वजांचं गाव आम्हाला द्या, बदल्यात दुसरा मुलूख घ्या. वऱ्हाडच्या अलाउद्दीन इमादशाहानं नकार दिला. मग १५१८ च्या सुमारास निजामशाही फौजेनं पाथरी घेऊनच टाकली.

पुढं बघा. १५२७ च्या सुमारास इमादशाहानं कुतुबशाहाची मदत घेतली आणि पाथरी परत मिळवली. निजामशाहानं बिदरच्या बरीदला सोबत घेतलं आणि पुन्हा जिंकली, वर तिथला किल्लाही पाडला. इमादशाहानं खानदेशच्या सुलतानाला बोलावलं, दोघंही हरले. गेमवाले याला ‘चेनिंग’ म्हणतात. भांडण एका गावाचं, पण तहांच्या साखळीत एकामागून एक सगळे ओढले जातात.

शेवटी इमादशाहानं मोठा पत्ता काढला. गुजरातचा सुलतान बहादूरशाह. त्या काळातला टॉप रँकचा खेळाडू म्हणा. ‘या, आम्हाला वाचवा.’

बहादूरशाह १५२८ मध्ये आला. जोरदार आला. निजामशाही फौज मागं हटली, दौलताबादला वेढा पडला. पण पाहुणा वऱ्हाडातून जायचं नावच घेईना. खुतबा त्याच्या नावानं वाचला गेला. खुतबा म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन. त्यात ज्याचं नाव, तो मालक. आपल्या भाषेत, भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी. ज्याला वाचवायला बोलावलं, तोच घर बळकावतो की काय, अशी धास्ती इमादशाहाला पडली.

मग वाटाघाटी झाल्या. निजामशाहानं पाथरी आणि माहूर परत द्यायचं कबूल केलं. बहादूरशाह माघारी फिरला, आणि पाथरी काही परत मिळाली नाही. उलट निजामशाहानं नंतर बहादूरशाहाशी स्वतःच जमवून घेतलं. ज्याच्या भरवशावर लहान भाऊ लढला, तो मोठा भाऊ शत्रूचा दोस्त झाला. १५७४ मध्ये निजामशाहीनं अख्खी इमादशाहीच गिळून टाकली. पाच अलायन्सपैकी एक सर्व्हरवरून कायमची डिलीट.

इमादशाहाचा निर्णय मूर्खपणाचा होता का? मला तसं वाटत नाही. त्याच्याकडं दुसरा पर्यायच कमी होता. पण त्यानं एक गोष्ट ठरवून घेतली नाही. काम झाल्यावर पाहुणा जाणार कधी आणि कसा?

छावणी हिंगोलीत, बिल हैदराबादला

दुसरी गोष्ट आणखी जवळची. तो काळ हैदराबादच्या निजामाचा. हा निजाम वेगळा, असफजाही घराण्याचा. मधल्या निजामशाहीशी याचा संबंध नाही, गोंधळ करू नका.

११ मार्च १७९५. खर्ड्याची लढाई. झाडून सारे मराठा सरदार एकत्र आले आणि निजाम हरला. इंग्रज त्याचे मित्र म्हणवत होते, पण गव्हर्नर जनरल जॉन शोअरनं तटस्थ राहायचं ठरवलं. निजामाला धडा मिळाला की नुसती मैत्री पुरत नाही, पक्का तह पाहिजे.

१ सप्टेंबर १७९८ ला वेलस्लीसोबत तो पक्का तह झाला. आपण शाळेत ‘तैनाती फौज’ म्हणून शिकलो तोच. इंग्रजांच्या सहा पलटणी हैदराबादला राहणार, वर्षाला २४ लाखांहून जास्त रुपये निजामानं द्यायचे. निजामाकडची फ्रेंच अधिकाऱ्यांची फौज मोडायची. १२ ऑक्टोबर १८०० ला पुढचा तह. आता रोख पैसे नकोत, मुलूखच द्या. म्हैसूरकडून मिळालेला बेल्लारी, कडप्पा वगैरे प्रदेश कंपनीकडे गेला. आणि कंपनीला विचारल्याशिवाय कुणाशी बोलणी करायची नाहीत, हेही ठरलं.

याच्यापाठोपाठ ३१ डिसेंबर १८०२ ला दुसऱ्या बाजीरावानं वसईला असाच तह केला. होळकरांनी पुण्याजवळ हरवलं म्हणून पेशवा इंग्रजांच्या आश्रयाला गेला. शिंदे आणि भोसले यांना हा तह मान्य नव्हता. सप्टेंबर १८०३ मध्ये आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात, असईला, रणकंदन झालं. पुन्हा चेनिंग.

निजामाची खरी गंमत बारीक अक्षरात होती. तहात लिहिलं होतं की युद्ध झालं तर निजामानं ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ द्यायचं. युद्ध झालं *तर*. इंग्रजांनी त्याची कायमची फौज केली. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पगार निजामाचा. तिचं नाव हैदराबाद कंटिंजंट. आणि तिची एक छावणी कुठं होती? हिंगोलीत. १९९९ पर्यंत हिंगोली परभणी जिल्ह्यातच होती, म्हणजे ती आपलीच गोष्ट.

पगार भागवायला कर्ज काढावं लागलं. पामर अँड कंपनी नावाच्या पेढीनं अव्वाच्या सव्वा व्याजानं पैसे दिले. पुढं थेट कंपनी सरकारचंच देणं चढत गेलं. शेवटी २१ मे १८५३ ला डलहौसीच्या काळात तह झाला. फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब इंग्रजांच्या हाती. धाराशिव आणि रायचूर १८६० मध्ये परत आले. वऱ्हाड आलं नाही. १९०२ मध्ये कर्झननं ते वर्षाला २५ लाखांवर कायमच्या भाडेपट्ट्यानं घेतलं. म्हणजे जिंतूरच्या वरची हद्द ओलांडली की पलीकडं इंग्रजांचा कारभार, अलीकडं निजामाचा.

मुलूख वाचवायला तह केला आणि तहाचं बिल भरायला मुलूख गेला.

आणि हे पैसे येत कुठून होते? शेतसाऱ्यातून. गोदाकाठच्या ज्या शेतकऱ्यानं ज्वारी पिकवून सारा भरला, त्याला कुणी विचारलं नव्हतं की बाबा, हिंगोलीत फौज ठेवायची का?

संरक्षक लॉग आउट होतो तेव्हा

१५ ऑगस्ट १९४७. इंग्रज गेले. संस्थानांवरचं त्यांचं अधिराज्य संपलं, तसे संरक्षणाचे जुने तहही संपले. दीडशे वर्षं दुसऱ्याच्या फौजेवर टेकलेलं राज्य एका रात्रीत एकटं पडलं. निजामानं २९ नोव्हेंबर १९४७ ला भारताशी एक वर्षाचा ‘जैसे थे’ करार केला. तो वर्षभरही टिकला नाही. संस्थानात रझाकारांचा धुमाकूळ, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली स्टेट काँग्रेसचा लढा, सीमेवर चकमकी. निजाम सरकारनं संयुक्त राष्ट्रांकडं तक्रार नेली. पण १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला सगळं संपलं. पाच दिवस. म्हणून आपण १७ सप्टेंबरला झेंडावंदन करतो.

या दिवसाच्या आगेमागे सामान्य माणसांनी फार सोसलं. आधी रझाकारांच्या हातून, आणि नंतर अनेक ठिकाणी निरपराध मुसलमान कुटुंबांनीही. पंडित सुंदरलाल समिती त्याचीच पाहणी करायला आली होती. वरच्या लोकांचे तह तुटतात तेव्हा मार खालच्यांना बसतो. गेममध्ये देश गेला तर नवा काढता येतो. इथं तसं नसतं.

मग तह करायचा की नाही?

करा की! बळी तो कान पिळी, हा सर्व्हरचाही नियम आहे. दहा जणांची अलायन्स एकटी टिकणं अवघड. पण सही करण्याआधी चार प्रश्न विचारा.

एक. *मुदत किती?* सहा महिने म्हणा, मग पुन्हा बसू म्हणा. बाहेर पडायची नोटीस किती दिवसांची, तेही लिहून घ्या. इमादशाहाचं इथंच अडलं.

दोन. *किंमत कशात?* ठरावीक रक्कम असेल तर बरं. पण मेंबरांचा टॅक्स ते ठरवणार, बँकेची चावी त्यांच्याकडं, असं असेल तर ते संरक्षण नाही, ते वऱ्हाड आहे.

तीन. *आमचं तोंड मोकळं की बंद?* दुसऱ्या कुणाशी तह करायला त्यांची परवानगी लागत असेल, तर उद्या ते गेल्यावर तुम्हाला ओळखणारं कुणी नसेल.

चार, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. *मेंबरांना विचारलं का?* लीडर सही करतो आणि रात्री दोन वाजता ज्याचे रणगाडे जातात तो कुणीतरी वेगळाच असतो. ग्रुपवर मसुदा टाका, मत घ्या, मगच सही.

आणि संरक्षण आहे तोवर स्वतःची फौज उभी करत राहा. छत्री उसनी घेतली तरी घराचं छप्पर शाकारायचं थांबवू नये.

तर मंडळी, तुमच्या अलायन्सनं केलेला सगळ्यात वाईट तह कोणता, ते व्हॉइस नोटमध्ये पाठवा. एका मिनिटात बसवा, राव. नाहीतर मागच्या वेळेसारखं कुणीतरी अख्खं महाभारत पाठवतं. पुढच्या भागात बोलू चौथाईवर. म्हणजे मराठ्यांनी घेतलेला संरक्षणाचा पैसा. तेव्हा वसुली करणारे आपणच होतो, त्यामुळं ती गोष्ट ऐकायला जरा जास्त हिंमत लागेल.

भेटू लवकरच. तोवर काळजी घ्या, आणि बारीक अक्षरं वाचत चला!