शाळेतील चित्रप्रक्षेपण : दोष शोधण्याचा क्रम

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



एका वर्गात कॅमेऱ्यासमोर प्रयोग चालू असावा आणि शेजारच्या दोन वर्गांतील मुलांनी तो त्याच वेळी पाहावा, एवढी सोय आज तळहातावर मावणारा संगणक करू शकतो. २०१२ साली विक्रीस आलेल्या ‘रास्पबेरी पाय’ ह्या मालिकेतील संगणकावर ‘मीडियाएमटीएक्स’ नावाची मुक्त आज्ञावली चालविली, म्हणजे तो कॅमेऱ्याकडून चित्र घेतो व राउटरच्या द्वारे वर्गावर्गांतील टॅब्लेटांना पोहोचवितो. ह्या मध्यस्थास गेटवे म्हणतात. शाळेतल्या शाळेत चित्र पाहण्यासाठी त्यास इंटरनेट लागत नाही.

परंतु एखादे दिवशी चित्र उमटत नाही. मुले खोळंबतात, तास वाया जातो, यंत्र बिघडले असे ठरते व ते कपाटात जाऊन पडते. वस्तुतः पुष्कळदा यंत्र धड असते, वाट तेवढी अडलेली असते. वाफ्यात पाणी आले नाही म्हणून शेतकरी लगेच नवी विहीर खणीत नाही. तो विहिरीपासून पाटाच्या कडेने चालत जातो व पाट कोठे फुटला ते पाहतो. येथेही तोच क्रम धरावा.

प्रथम विहीर, म्हणजे कॅमेरा. त्याचा पत्ता दुसऱ्या संगणकावर ‘व्हीएलसी’मध्ये थेट उघडावा. तेथेही चित्र नसेल तर दोष कॅमेऱ्याचा किंवा त्याच्या जोडणीचा होय. पुढे शोधणे व्यर्थ.

दुसरा गेटवे. ‘रास्पबेरी पाय ४’ ला ५ व्होल्ट व ३ अँपिअर वीज लागते. मोबाईलचा साधा चार्जर अपुरा पडला तर यंत्र चालू दिसते, पण मध्येच थांबते. पडदा जोडलेला असल्यास त्यावर विजेचे चिन्ह उमटते.

तिसरा पत्ता. घरगुती राउटर बहुधा १९२.१६८ ने आरंभ होणारे पत्ते देतो. गेटवेचा पत्ता १६९.२५४ ने आरंभ होत असेल, तर राउटरकडून त्यास पत्ता मिळालेला नाही असे समजावे व केबल तपासावी. वीज जाऊन आल्यावर पत्ता बदलूही शकतो. मग कालचा पत्ता आज चालत नाही. यास्तव राउटरमध्ये गेटवेसाठी एक पत्ता कायम राखून ठेवावा.

चौथा टॅब्लेट. ह्या वाय-फायवर इंटरनेट नाही असे पाहून काही टॅब्लेट आपणहून सिमकार्डाच्या जाळ्याकडे वळतात व गेटवे त्यांना दिसेनासा होतो. मोबाईल डेटा बंद करावा. पाहुण्यांसाठी असलेल्या वाय-फायवरून इतर यंत्रांशी संबंध बहुधा तोडलेला असतो, म्हणून ते वापरू नये. पत्त्यानंतर अपूर्णविराम व ८८८८ हा अंक, आणि तिरप्या रेघेपुढे प्रक्षेपणाचे नाव लिहिले आहे ना, हेही पाहावे.

पाचवे चित्राचे रूप. ‘व्हीएलसी’त चित्र दिसते, पण ब्राउझरमध्ये दिसत नाही, असे झाल्यास कॅमेरा एच. २६५ ह्या रूपात चित्र देत असण्याचा संभव असतो. काही ब्राउझरांना ते वाचता येत नाही. कॅमेऱ्याच्या मांडणीत एच. २६४ निवडावे.

शेवटी भार. चित्र दिसते पण अडखळते, तेव्हा हे ध्यानी घ्यावे की गेटवे प्रत्येक टॅब्लेटला स्वतंत्र प्रत पाठवितो. एका प्रतीस सेकंदाला २ मेगाबिट धरले, तर १५ टॅब्लेटांना ३० मेगाबिट लागतात, आणि वाय-फायची हवा सर्वांत वाटलेली असते. गेटवे केबलने जोडावा, चित्राचा आकार कमी करावा, अथवा एका वर्गाने एकाच मोठ्या पडद्यावर पाहावे.

ह्या साऱ्यात एक नियम पाळावा : एका वेळी एकच बदल करावा व तो वहीत नोंदवावा. चार गोष्टी एकदम बदलून चित्र आले, तरी दोष कोणता होता हे कळत नाही, व पुढील वेळी शोध पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो. प्रक्षेपणास संकेतशब्दही ठेवावा, कारण कॅमेऱ्यासमोर मुले असतात.

वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांना ही तपासणी अवश्य पाहू द्यावी. अनुमान करणे, पडताळणे व नोंद ठेवणे हा विज्ञानाचा पाठ त्यांना त्या अडलेल्या तासातही मिळतो.