मैदान मोकळें असावें



ख्रिस्तमंदिराशेजारील मैदानास भिंत घालून तेथें सभागृह बांधावें, अशी सूचना या महोत्सवानिमित्त पुढें आली आहे. त्याविषयीं आम्हांस दोन शब्द बोलावयाचे आहेत.

गोमंतकांत १८८३ सालीं फादर विल्यम रॉबर्ट लायन्स या धर्मगुरूंनीं शिवोली येथें मुलांस फुटबॉल शिकविला. तो खेळ पुढें गांवोगांव रुजला. फातोर्ड्याचें भव्य क्रीडांगण उभें राहिलें तें १९८९ सालीं. २०१७ सालीं तेथें सतरा वर्षांखालील मुलांच्या विश्वचषकाचे सामने झाले. आधीं साधें मैदान, मग क्रीडांगण, असाच हा क्रम आहे.

वाशीमकडील आपल्या मुलांस फातोर्डा दूर. हें मैदान मात्र जवळ आहे. सायंकाळीं येथें हिंदु, बौद्ध, मुसलमान व ख्रिस्ती मुलें एकाच चेंडूमागें धांवतात. पंचाचा निकाल निमूटपणें मानणें, पडलेल्या प्रतिपक्ष्यास हात देऊन उठविणें, हे धडे तीं येथेंच गिरवितात. जीं घरें आपल्या उपासनेस कधीं येत नाहींत, त्यांचा आपला स्नेह या मैदानानेंच जोडला आहे.

सभागृहास दुसरी जागा शोधतां येईल. मुलांस ती कोण देणार? यास्तव भिंतीचा पैसा काळ्या मातींतील चिखलावर मुरूम टाकण्यास लावावा व मैदान सर्वांस मोकळें ठेवावें, हीच आमची नम्र विनंती.