शहर वाढते, शहर मुरते

(मलकापूर येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



शाळी-कडवीच्या खोऱ्यातील हे मलकापूर म्हणजे शाहूवाडी तालुक्याचे ठाणे. नगरपरिषद आहे, कचेरी आहे, आंबा घाट चढून कोकणातून येणारा रस्ता येथूनच कोल्हापूरकडे जातो. तरीही २०११च्या जनगणनेत या नगराची लोकसंख्या पाच हजारांच्या आसपासच भरली. या तालुक्यातील असे घर विरळा, ज्यातील एक तरी माणूस मुंबईत, पुण्यात किंवा पिंपरी-चिंचवडमध्ये नाही. म्हणूनच 'नवे शहर आणि जुनी शहरे' हा विषय नगररचनाकारांच्या परिषदेपुरता नाही. ज्या गावांची तरुण पिढी त्या शहरांत राबते आहे, त्या गावांनी तो अधिक आस्थेने ऐकावा, असा आहे.

वाढीचा वेग

पिंपरी-चिंचवडचे उदाहरण घेऊ. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला, तेव्हा आसपास मोकळी माळराने आणि छोटी गावे होती. १९६२मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि औद्योगिक वसाहत आखली गेली. बजाज, टेल्को अशा मोठ्या कारखान्यांमागून शेकडो लहान कारखानदार आले. १९७०मध्ये नगरपालिका, १९७२मध्ये नवनगर विकास प्राधिकरण आणि १९८२मध्ये महानगरपालिका, असा हा प्रवास अवघ्या बारा वर्षांत झाला. कोल्हापूरला १८५४च्या नगरपालिकेपासून १९७२च्या महापालिकेपर्यंत पोहोचायला ११८ वर्षे लागली.

आकडेही बोलके आहेत. १९८१मध्ये कोल्हापूरची लोकसंख्या ३ लाख ४० हजारांच्या घरात होती आणि पिंपरी-चिंचवड त्याच्या बरेच मागे होते. १९९१मध्ये पिंपरी-चिंचवडने ५ लाखांचा टप्पा ओलांडून कोल्हापूरला मागे टाकले. २००१मध्ये ते १० लाखांवर गेले, २०११मध्ये १७ लाखांवर. त्या वर्षी कोल्हापूर साडेपाच लाखांच्या आतच होते. २०२१ची जनगणना होऊ शकली नाही, त्यामुळे अधिकृत तुलना आजही तेथेच थांबते. त्याच २००१ ते २०११ या दशकात मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे जुन्या मुंबईची, लोकसंख्या ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली उतरली. जुने शहर आक्रसते आहे आणि नवे शहर फुगते आहे, असे हे चित्र.

या वाढीचे एक कारण हद्दीत आहे. १९९७मध्ये पिंपरी-चिंचवडने आसपासची गावे सामावून घेतली आणि आपला पसारा सुमारे १७० चौरस किलोमीटरपर्यंत नेला. कोल्हापूरची हद्द मात्र १९७२नंतर अनेक दशके ६७ चौरस किलोमीटरच्या आतच राहिली. हद्दवाढीचा विषय निघाला की शहराने मागणी करायची आणि भोवतालच्या गावांनी विरोध करायचा, हेच चालत आले. शहराला जमीन हवी असते, गावाला आपली ओळख आणि आपला कमी कर हवा असतो. दोघांनाही आपापली बाजू न्याय्य वाटते.

परंतु लोकसंख्या आणि क्षेत्रफळ वाढले म्हणजे शहर मोठे झाले काय? आपल्या भाषेत 'मुरणे' असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. पाणी जमिनीत मुरते, लोणचे बरणीत मुरते, माणूस धंद्यात मुरतो. शहरही असेच मुरावे लागते. वाढ यंत्राच्या वेगाने होऊ शकते, मुरण्याला मात्र माणसांच्या पिढ्या लागतात.

जुन्या शहरांची शिदोरी

जुन्या शहरांचे खरे भांडवल कोणते? त्यांच्या इमारती नव्हेत. इमारती तर पडायला आलेल्या असतात, गल्ल्या अरुंद असतात, गटारे शंभर वर्षांपूर्वीची असतात. जुन्या शहरांचे भांडवल म्हणजे तेथील नागरिकांनी स्वतः उभ्या केलेल्या संस्था. पुणे नगर वाचन मंदिर १८४८चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५०चे. म्हणजे कोल्हापुरात नगरपालिका येण्याआधी वाचनालय आले. १८७०मध्ये पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, १८८०मध्ये न्यू इंग्लिश स्कूल. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८चे.

कोल्हापूरचे उदाहरण तर मलकापूरकरांना अधिक जवळचे. राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१पासून वसतिगृहांची जी मालिका सुरू केली, तिने खेड्यांतील मुलांना शहरात हक्काचे छप्पर दिले. मराठा, जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांची मुले, अशा सर्वांसाठी ती उघडली. शहराचे मोठेपण कशात असते, याचे हे जिवंत उत्तर आहे. खेड्यातून आलेल्या मुलाला जे शहर जेवू घालते, शिकवते आणि त्याला आपला म्हणते, ते शहर मोठे.

गावची खोली

मुंबईच्या गिरणगावातही हेच घडले, फक्त तेथे राजा नव्हता. घाटावरून आणि कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी चाळींत गावाच्या नावाने खोल्या घेतल्या. एका खोलीत पाळीपाळीने वीस-पंचवीस माणसे राहत. जेवण खानावळीत, झोपणे कॉमन गॅलरीत. नवा मुलगा गावाहून आला की त्याची वळकटी थेट त्या खोलीत जाई. त्याला काम मिळवून देणे, आजारपणात पाहणे, गावी पैसे पाठवणे, ही सारी जबाबदारी त्या खोलीची. त्यातूनच भजनी मंडळे, व्यायामशाळा, कबड्डीचे संघ, नाटकांच्या तालमी आणि कामगार संघटना उभ्या राहिल्या. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांची धुराडी एकेक करून विझली, तेव्हा लाखो कामगारांच्या रोजगाराबरोबर हा सारा आधारही कोसळला.

हे वर्णन गौरवासाठी नाही. एका खोलीत पंचवीस माणसांनी राहणे ही काही सुखाची गोष्ट नव्हती, आणि गावची खोली अनेकदा जातीची खोलीही असे. परंतु जुन्या शहरात खेडे समूहाने गेले, हे लक्षात घ्यावे लागेल. नव्या शहरात माणूस बहुधा एकटा जातो. कंत्राटदाराच्या हाताखाली काम, भाड्याची खोली, अकरा महिन्यांचा करार, करार संपला की दुसरी खोली. ज्याचा पत्ता दरवर्षी बदलतो, तो वाचनालयाचा सभासद कधी होणार? तो वॉर्डातील पाण्याविषयी कोणाला जाब विचारणार? मतदान गावी, रेशनकार्ड गावी, जत्रा गावी, आणि आयुष्याची तीस वर्षे मात्र शहरात! असा माणूस शहरात राहतो, पण शहराचा होत नाही. किंबहुना, नव्या शहराचे सर्वांत मोठे दारिद्र्य हेच, की त्याच्याजवळ रहिवासी लाखो आहेत आणि नागरिक थोडे.

पाणी कोणाचे?

याची परीक्षा पाण्यापाशी होते. मुंबईने १८६०मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने आणले, पुढे तानसा, वैतरणा, भातसा असे करीत शंभर किलोमीटरपर्यंत हात पोहोचवला. ज्या शहापूर तालुक्यातून हे पाणी जाते, तेथील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर लागतात. १९२१मध्ये मुळशीच्या शेतकऱ्यांनी मुंबईच्या विजेसाठी होणाऱ्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. सेनापती बापट त्या लढ्यात उभे ठाकले, तरीही धरण झालेच. जुन्या शहरांनी आपले पाणी आणि आपली वीज अशा काळात मिळवली, ज्या काळात खोऱ्यातील माणसाच्या शब्दाला मोल नव्हते.

नव्या शहराला ती सोय नाही, आणि नसावीच. पिंपरी-चिंचवडची तहान मावळातील पवना धरणावर भागते. धरणातून सुमारे ३५ किलोमीटर लांबीच्या बंद जलवाहिनीने पाणी आणण्याची योजना झाली, तेव्हा नदीकाठच्या शेतकऱ्यांना आपल्या सिंचनाची धास्ती वाटली. ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी प्राणास मुकले. योजनेला स्थगिती मिळाली, ती २०२३मध्ये उठली. मधल्या काळात, २०१९च्या नोव्हेंबरपासून, शहरात दिवसाआड पाणीपुरवठा सुरू झाला आणि पुढे अनेक वर्षे तीच रीत चालू राहिली. एकेकाळी जकातीच्या उत्पन्नामुळे श्रीमंत महापालिका म्हणून ज्या नगरीची ख्याती होती, तिच्या नागरिकांनी एक दिवस पाणी भरायचे आणि एक दिवस ते पुरवायचे! पैसा होता, तंत्रज्ञान होते. नव्हता तो खोरे आणि शहर यांच्यातील विश्वास. विश्वास निविदा काढून मिळत नाही.

याउलट, नवी मुंबईने २००२मध्ये मोरबे धरण स्वतःच्या ताब्यात घेतले आणि पाण्याच्या बाबतीत ती पुष्कळशी स्वयंपूर्ण झाली. मात्र त्या शहराची जमीनही सहजी मिळाली नव्हती. जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात भूमिपुत्रांनी रक्त सांडले, त्यानंतर साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. त्या लढ्याचे नेते होते दि. बा. पाटील. नव्या शहराच्या पायात कोणाची तरी शेती असते, हे विसरणारे शहर फार काळ निश्चिंत राहू शकत नाही.

नव्याचे गुण

तथापि, जुने ते सारे सोने मानून नव्याला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. पुण्याच्या पेठांत माणसाची ओळख त्याच्या वाड्यावरून, आडनावावरून होत असे. पिंपरीच्या कारखान्यात लेथवर उभा असलेला मुलगा मराठवाड्याचा की शाहूवाडीचा, हे विचारण्याआधी त्याचे काम पाहिले गेले. नव्या शहराने रुंद रस्ते दिले, गावी ज्यांना जमिनीचा तुकडाही नव्हता त्यांना स्वतःचे घर दिले, मुलींना शिक्षणाची आणि नोकरीची वाट दिली.

शिवाय नवे शहर अगदीच कोऱ्या पाटीचे नसते. चिंचवडला मोरया गोसावींची समाधी आहे. १८९७मध्ये रँडचा वध करणारे चापेकर बंधू याच चिंचवडचे. देहू आणि आळंदी हाकेच्या अंतरावर. २०१६चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन पिंपरीत भरले, २०२४मध्ये शंभरावे नाट्यसंमेलनही या नगरीने पाहिले. म्हणजे मुरण्याची प्रक्रिया सुरू झाली आहे. तिला आज गरज आहे ती आपलेपणाने राहणाऱ्या माणसांची.

मलकापूरकरांचे कर्तव्य

आणि ती माणसे कोठून येणार? मलकापूरसारख्या गावांतूनच! मलकापूरही एके काळी नवेच होते. १८४४च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर विशाळगडाची तटबंदी पाडण्यात आली आणि पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे ठाणे गडावरून येथे आले. गड उतरून आलेल्या माणसांनी नदीकाठी हे गाव आपले मानले, म्हणून आज ते आपले आहे.

येथून गेलेल्या तरुणांकडून दोन अपेक्षा ठेवाव्यात. पहिली ही, की जेथे तो राहतो, त्या वॉर्डाचा त्याने नागरिक व्हावे. मतदारयादीत नाव नोंदवावे, सोसायटीच्या सभेला जावे, वस्तीत एखादी अभ्यासिका, एखादे वाचनालय उभे करावे. पूर्वीच्या गावच्या खोलीचे आजच्या काळातील रूप म्हणून शाहूवाडीच्या मुलांसाठी शहरात एखादे वसतिगृह चालवता येईल. त्याचे दार मात्र कोणत्याही तालुक्याच्या, कोणत्याही जातीच्या मुलाला उघडे असावे. दुसरी अपेक्षा अशी, की शहरातील नळ सोडताना त्याने खोऱ्यातील माणसाचे स्मरण ठेवावे. तो स्वतः खोऱ्यातून आला आहे. मावळच्या शेतकऱ्याचे दुःख त्याला समजणार नाही, तर कोणाला समजणार?

आणि जे येथेच राहिले आहेत, त्यांनी लहानपणाचा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही. कऱ्हाडशेजारी आणखी एक मलकापूर आहे. कऱ्हाडच्या वाढीबरोबर वाढलेले ते तरुण गाव २०११मध्ये तीस हजारांच्या घरातले होते, आणि चोवीस तास पाण्याच्या योजनेमुळे ते राज्यभर नावाजले गेले. तेथील लोकांनी घरोघरी मीटर स्वीकारले, वापरू तितक्याचे पैसे देण्याची शिस्त अंगी बाणवली. सतरा लाखांच्या नगरीला जे साधले नाही, ते एका छोट्या गावाने करून दाखवले. मोठेपण आकारात नसते, याचा याहून ठळक पुरावा कोणता?

शहरे वाढतच राहतील. ती थांबवणे कोणाच्या हाती नाही, आणि इष्टही नाही. ती मुरावीत, एवढे मात्र तेथे राहणाऱ्यांच्या हाती आहे. जुन्या शहरांना जे साधायला दीडशे वर्षे लागली, त्यासाठी नव्या शहरांनी तितकीच वर्षे थांबायला हवे असे नाही. कोल्हापुरातील पहिले वसतिगृहही एका वर्षी, एका निश्चयातूनच उघडले होते.