किल्लीआधी पाना



मोटारीचा परवाना 18 व्या वर्षी मिळतो. चाक बदलण्याची विद्या मात्र त्याआधीच अंगणात शिकता येते. ‘शिकल्यासवरल्या मुलांनी हात काळे का करावेत?’ असे काही वडीलधारे विचारतात. ताहाराबादहून पिंपळनेरकडे जाताना सेलबारी घाटात रात्री चाक बसले, तर मिस्त्री कोठून आणावा? मुलींनीही हे शिकावे. सपाट, कठीण जागी हँडब्रेक ओढावा, दुसऱ्या चाकास दगड लावावा. जॅक चढविण्यापूर्वीच नट सैल करावेत; उचललेल्या गाडीस हिसका बसल्यास ती जॅकवरून घसरते. गाडीखाली शिरू नये. गाडी खाली उतरविल्यावर समोरासमोरचे नट आवळावेत. ज्याने स्टेपनीची हवा पाहिली नाही, त्यास किल्ली देऊ नये, एवढा नियम प्रत्येक घराने करावा, ही नम्र विनंती.