अबोल सेवकांची गाऱ्हाणी
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांचा गौरव, वधूवरांचा परिचय आणि वसतिगृहाचा निधी अशा मंगल विषयांच्या पंक्तीत सांडपाण्याचा विषय आणणे कोणास अप्रशस्त वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या पाण्याचा चहा घेऊन आपण या सभामंडपात आलो, त्याच पाण्याची ही कथा असल्यामुळे आपली क्षमा मागून मी तिला आरंभ करतो.

आपल्या छत्रपती संभाजीनगरास पाण्याचे मोल नव्याने शिकवावयास नको. १७ व्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने डोंगरउताराचे पाणी भूमिगत नहरीने या नगरात आणले. आज आपले पाणी पैठणच्या नाथसागरातून, म्हणजे सुमारे ५० किलोमीटरांवरून, पंपांनी चढवून आणावे लागते. ते वापरून आपण नालीत सोडतो. त्यातील बरेचसे कांचनवाडीच्या मलशुद्धीकरण प्रकल्पात जाते. आणि आपली खाम नदी जटवाड्याच्या डोंगरात उगम पावून, शहरातून व वाळूजच्या बाजूने वाहत, अखेरीस कोठे जाते? त्याच नाथसागरास मिळते! म्हणजे येथे आपण जे ओततो, त्याचा अंश आपल्याच माठात परत येण्याची वाट मोकळी आहे. त्या वाटेवर पहारा करणारे सेवक कोण, हे आज मला सांगावयाचे आहे.

ते सेवक म्हणजे सूक्ष्मजंतू होत. १९१४ मध्ये इंग्लंडातील मँचेस्टर येथे आर्डर्न आणि लॉकेट या दोघा रसायनज्ञांनी असे दाखविले की, सांडपाण्यात हवा खेळवीत राहिले आणि तळाशी बसलेला गाळ टाकून न देता पुन्हा नव्या पाण्यात मिसळला, तर पाणी कितीतरी लवकर निवळते. कारण त्या गाळात कोट्यवधी जंतू जिवंत असतात. पाण्यात विरघळलेली घाण हेच त्यांचे अन्न. ते खाऊन ते वाढतात, एकमेकांस चिकटून त्यांचे पुंजके होतात, आणि पुंजके जड होऊन तळाशी बसले म्हणजे वरचे पाणी स्वच्छ निघते. आपल्या भगिनींच्या भाषेत बोलावयाचे तर हे विरजणच होय. कालच्या दह्याने आजचे दूध लावावे, तद्वत् कालच्या गाळाने आजचे सांडपाणी शुद्ध करावयाचे.

परंतु विरजण बिघडते कशाने, हेही आपण जाणतो. कढत दुधात ते टाकले तर दही लागत नाही. प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिलेल्या गाईचे दूध विरजले, तरीही दही नीट लागत नाही. सांडपाण्याच्या हौदातील जंतूंची गत हीच आहे. मुलामा देण्याच्या कारखान्यातील क्रोमियम, तांबे, निकेल या धातूंचे क्षार त्यांच्या शरीरातील पाचक द्रव्यांना जखडून टाकतात. मग समोर अन्न असूनही त्यांची उपासमार होते. तीव्र आम्ल वा अल्कली त्यांना जाळते. तेल पुंजक्यांवर साय धरते आणि प्राणवायू आत जाऊ देत नाही. फिनॉलसारखे द्रव्य थोडेथोडे व नित्य आले तर काही जंतू ते खावयासही शिकतात. तेच एकदम अंगावर आले तर त्यांचा नाश होतो.

यांतही सर्वांत नाजूक जंतू म्हणजे अमोनियाचे नायट्रेट करणारे. इतर जंतू अनुकूल स्थितीत काही तासांत दुप्पट होतात; यांना एक दिवस किंवा त्याहून अधिक काळ लागतो. त्यामुळे एका रात्रीत ते नाहीसे झाले, तर त्यांचा संसार पुन्हा उभा राहण्यास कित्येक आठवडे लागतात.

माझ्या नोकरीच्या काळातील एक प्रसंग सांगतो. एका शुद्धीकरण केंद्रात मी रोज सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली गाळाचा थेंब पाहत असे. त्यात घंटेच्या आकाराचे, देठावर डोलणारे व्हॉर्टिसेला नावाचे जीव दिसले की पाण्याची प्रकृती ठीक आहे असे समजावे. एके सकाळी एकही घंटा हलत नव्हती. हौदावर फेस चढला होता आणि पाण्यास हिरवट छटा होती. रात्री कोणी तरी मुलाम्याचा जुना हौद नालीत रिकामा केला होता. कोणी, ते अखेरपर्यंत कळले नाही. केंद्र पूर्ववत होईपर्यंत महिना उलटला. आणि त्या महिन्यात अर्धवट शुद्ध पाणी नदीत जात राहिले. ज्याने तो हौद ओतला, त्याच्या घरची मुलेही त्याच खोऱ्यातले पाणी पीत असतील, हा विचार मला आजही अस्वस्थ करतो.

बंधूंनो, आपल्यापैकी कित्येकांचे वाळूजला, चिकलठाण्याला लहानमोठे कारखाने आहेत. त्यांचा आपणांस अभिमानच आहे. कायदा आपले काम करीलच. १९७४ चा जलप्रदूषण कायदा आहे. नदीनाल्यात सोडावयाच्या पाण्यात षट्संयुजी क्रोमियम लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असा दंडकही आहे. पण रात्रीच्या अंधारात कायद्याचा डोळा पोहोचत नाही. तेथे मनुष्याची स्वतःची बुद्धीच उपयोगी पडते. विषारी पाणी वेगळे साठवावे, त्यातील धातू चुन्याने अथवा योग्य रसायनाने खाली बसवावेत, आम्लता मोडावी, आणि मग ते थोडथोडे व समप्रमाणात सोडावे. जंतूंस आकस्मिक आघात सोसत नाही.

भगिनींनाही एक विनंती आहे. फरशी पुसण्यापुरत्या फिनाईलने मोठ्या केंद्राचे काही बिघडत नाही. परंतु ज्यांच्या घरी सेप्टिक टाकी आहे, त्यांनी आम्लाच्या व फिनाईलच्या बाटल्या तीत रित्या करू नयेत. त्या टाकीतही हेच सेवक राबत असतात. तळणीचे उरलेले तेल आणि मुदत संपलेली औषधे मोरीत ओतू नयेत. प्रतिजैविके सांडपाण्यात गेली म्हणजे त्यांना दाद न देणारे जंतू तेथे बळावतात, आणि उद्या आपल्याच लेकरांच्या आजारात औषध निष्फळ होण्याचा धोका वाढतो.

आपल्या घरी राबणाऱ्या गड्याच्या ताटात कोणी विष कालवीत नाही. हे सेवक डोळ्यांस दिसत नाहीत, वेतन मागत नाहीत, संपही करीत नाहीत. ते केवळ मरतात, आणि त्यांची सेवा थांबल्याचे आपणांस फार उशिरा कळते. म्हणून त्यांची वकिली करण्याचे धाडस मी केले.