संगणकाचा डेटा जातो कुठे?

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घरचा संगणक जोडला, दोन ईमेल पाहिले आणि दिवसाचा दीड जीबी डेटा संपला! अनेक घरांत ही तक्रार ऐकू येते.

हा खर्च पडद्यामागे होतो. विंडोजचे अपडेट उतरत असते, फोटो क्लाउडवर चढत असतात. हाय डेफिनिशन व्हिडिओला तर तासाला ३ जीबीपर्यंत डेटा लागू शकतो.

विंडोज ११ मध्ये याचा हिशेब तयारच असतो. सेटिंग्जमधील नेटवर्क विभागात ‘डेटा युसेज’ उघडले, की गेल्या ३० दिवसांत कोणत्या ॲपने किती डेटा वापरला ते दिसते. या क्षणी काय चालले आहे हे पाहायचे असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडतो. त्यातील ‘नेटवर्क’ या रकान्यावर क्लिक केल्यास सर्वाधिक डेटा ओढणारे प्रोग्राम वर येतात. संगणक कोणकोणत्या पत्त्यांशी जोडलेला आहे, हे रिसोर्स मॉनिटर सांगतो.

हॉटस्पॉट वापरताना ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू केल्यास बहुतेक अपडेट थांबून राहतात.

यादीतले प्रत्येक अनोळखी नाव धोक्याचेच असते असे नाही. मात्र विनाकारण डेटा पाठवणारा प्रोग्राम आढळल्यास त्याची माहिती काढावी आणि अँटिव्हायरसने संगणक तपासून घ्यावा.